मुऱ्हाळ्याच्या गाडीला वाळा

गाडीचं काम काढलंय, असं मी फोनवर बोलून गेलो तेव्हा गाडीचं कसलंही काम काढलेलं नव्हतं. गाडी दारात निंबाखाली स्वस्थ उभी होती.

फोनवर देवपूरहून, म्हणजे धुळ्याहून, आमचे व्याही नवलभाऊ होते. आमच्या एकुलत्या एका लेकीची, हेमांगीची, लग्नानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खान्देशातली सासुरवाशीण माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. हेमांगीला भाऊ नाही, तेव्हा हे पद माझ्याकडे बिनविरोध आलं होतं. नवा सदरासुद्धा शिवून तयार होता. आणि नवलभाऊ म्हणत होते, “याहीबुवा, ऊन भयान शे. तुम्हनी गाडी ऊनमा बठी जास. तुम्ही कसाले तरास लेतस? आंडेरले, हेमांगीले, मीच सोडी देसू जळगावले.”

माझी गाडी उन्हात बसते हा नवलभाऊंचा पक्का समज आहे. ती आयुष्यात एकदाच, धुळ्याच्या वाटेवर मुकटीजवळ, थांबली होती, आणि तीही मी पाणी प्यायला उतरलो होतो म्हणून. पण नेमकी त्याच वेळी नवलभाऊंची मोठी पांढरी गाडी शेजारून गेली, आणि तेवढ्यावर आमच्या गाडीचा इतिहास लिहिला गेला. ती चढावर जरा दमते हे मी नाकारत नाही. वातानुकूलन चालू केलं की जास्त दमते. पण सासऱ्यानेच सुनेला माहेरी आणून सोडायचं, म्हणजे माहेराला दार आहे, माणूस नाही, असं दोन्ही जिल्ह्यांत सांगण्यासारखं होतं. मला ते फार लागलं. म्हणून मी म्हणालो, “नाही हो, मीच येणार. मुद्दाम गाडीचं काम काढलंय. ओळखूच येणार नाही तुम्हाला.”

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. खोटं बोलायचा सराव नाही. एकदा बोललो की ते खरं करून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे त्या दिवशी जेवण झाल्यावर मी गाडीसाठी काम शोधायला बसलो. सर्व्हिसिंग नुकतंच झालं होतं, टायर बरे होते. शेवटी मोबाइलवर एक काळ्या चष्म्याचा तरुण भेटला. तो म्हणाला, तुमची गाडी दमते कारण ती बोनेटच्या आतली तापलेली हवा ओढते. कंपनीने बसवलेला हवेचा डबा काढून टाका, त्या जागी ही लांब नळी आणि हा फिल्टर बसवा, म्हणजे बंपरजवळची बाहेरची गार हवा थेट इंजिनात जाईल. गाडी पळेल. काम घरच्या घरी, एका पान्याचं. हे सगळं त्याने इतक्या सहज सांगितलं, की आजवर आपली गाडी श्वास तरी कशी घेत होती याचंच मला नवल वाटलं.

खोकं आलं. कुरिअरवाल्याने ते देताना विचारलं, “सर, कूलर मागवला का?” मी नाही म्हणालो. त्याने खोक्यावरचं ‘कोल्ड एअर’ बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मी काहीतरी लपवतोय अशा चेहऱ्याने सही घेतली. आत एक चकचकीत नळी, पट्ट्या, स्क्रूची पिशवी, आणि कापूस भरलेला शंकूसारखा लाल फिल्टर होता. उत्तम प्रतीचा कापूस, असं वर इंग्रजीत लिहिलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या धरणगावचा कापूस परदेश फिरून आमच्या दारात आला असेल तर आनंदच आहे, पण तो जातानाच थेट इकडे का वळला नाही, असं आपलं वाटून गेलं.

मी नियमाने चालणारा माणूस असल्यामुळे नळी बसवण्यापूर्वी गाडीचा विमा जिथे काढला होता त्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, “गाडीत एक किरकोळ बदल करतोय. विम्याला काही अडचण?”

त्यांनी मान वर केली. “तुम्ही करून टाकलाय की करणार आहात?”

“करणार आहे.”

“मग करून झाल्यावर या.”

“आणि तेव्हा अडचण आहे असं कळलं तर?”

“मग करायच्या आधी यायला हवं होतं.”

हा नियम मी तिथेच उभा राहून दोनदा समजून घेतला. मागच्या माणसाने मला हळूच बाजूला केलं आणि आपला कागद खिडकीत सारला. मी घरी आलो.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत काम उरकायचं ठरवून मी बोनेट उघडलं. आमच्या गल्लीत बोनेट उघडणं म्हणजे सभा बोलावण्यासारखं आहे. पहिले आले समोरचे चुडामणनाना. नाना निवृत्त ग्रामसेवक आणि कूलर या विषयातला शेवटचा शब्द. उन्हाळा लागला की गल्लीतल्या प्रत्येक कूलरचं गवत नानांच्या देखरेखीखाली बदललं जातं. पंपाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात कमी पडतंय हे ते नुसतं आवाजावरून सांगतात, आणि ते खरं निघालं नाही तर त्यात पंपाची चूक असते. त्यांच्या मागोमाग शेजारच्या लताबाई हातातलं सूप तसंच घेऊन आल्या. “माय वं! सरनी तर गाडी फाडी टाकी!” त्या म्हणाल्या. मी तोवर फक्त एक झाकण काढलं होतं.

काढलेला प्रत्येक स्क्रू मी कागदाच्या चौकोनावर नंबर घालून ठेवत होतो. ग्रंथालयात चालतं तसं इथेही चालेल असा माझा अंदाज होता, आणि लताबाईंनी वारा घ्यायला सूप हलवेपर्यंत तो बरोबरही होता. सगळे चौकोन उडाले. त्यानंतर डब्याचा शेवटचा बोल्ट हातातून सुटला आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेला. मी वाकलो, नाना वाकले, गल्लीतले आणखी चौघे वाकले. गाडी हलवा, म्हणजे आपोआप पडेल, असा लताबाईंनी सल्ला दिला. सगळ्यांनी मिळून गाडी गदागदा हलवली. खाली एक पाना पडला. तो माझा नव्हता. कुठल्या तरी मेकॅनिकने कधी काळी आत विसरलेला होता. त्याच मापाचा पाना मला पाहिजे होता, म्हणून मी तपास पुढे चालवला नाही. बोल्टची जागा एका तारेने घेतली.

दुपारपर्यंत नळी बसली. आत काय झालं ते पाहायला मी कौतुकाने प्रमिलाला, माझ्या बायकोला, हाक मारली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक नवं कोरं प्लास्टिकचं टोपलं होतं. बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या पापडांची, ज्वारी भिजत घालायला तिला टोपलं हवंच होतं, आणि दारावर भंगारवाला आला होता. जुना डबा अंगणात नुसताच पडलेला दिसला, तो तिने टोपल्यावर देऊन टाकला होता.

“तो पुन्हा बसवावा लागला तर?” मी विचारलं.

“नवीन चांगलं आहे म्हणून तर बसवलंत ना?” ती म्हणाली आणि आत गेली.

गाडी सुरू केली. आवाज असा आला की निंबावरच्या साळुंक्या उडाल्या. मला तो आवाज जोमाचा वाटला, लताबाईंना दम्याचा वाटला. चुडामणनाना मात्र नळीच्या तोंडाशी बसले, त्यांनी तिथे तळहात धरला, आणि मग माझ्याकडे वर पाहिलं.

“सर, या नळीमा हवा कोठून येई?”

“बाहेरून.”

“बाहेर आज कितलं ऊन शे?”

“चव्वेचाळीस.”

“मंग गार हवा कोठे शे?”

तसं उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलंही. बोनेटच्या आतल्या हवेपेक्षा बाहेरची गार असते, असं म्हणालो.

“म्हणजे कमी गरम,” नाना म्हणाले. “खोकावर तर गार लिखेल शे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एखाद्याने खोटं लेबल लावून खोटा माल आणावा आणि तो पकडला जावा, तसं मला झालं. त्या काळ्या चष्म्याच्या तरुणाचं गाव थंड हवेचं असणार, त्याच्याकडे बाहेरची हवा गार असेल. जळगावात वैशाखात बाहेर गार हवा कुणी पाहिली? नाना उठले. “काही काळजी करू नका. हाई तं आपलंच काम शे,” असं म्हणून घरी गेले आणि वाळा घेऊन आले.

कूलरच्या जाळीत भरतात तोच वाळा. नानांनी तो जाळीच्या एका तुकड्यात ठासून भरला आणि फिल्टरच्या तोंडावर तारेने आवळला. त्यावर पाणी कसं सोडायचं हा प्रश्न त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून सोडवला. काचेवर पाणी उडवायची रबरी नळी होतीच. ती काचेकडून काढून त्यांनी वाळ्यावर सोडली. “आते देखा,” नाना म्हणाले. “वायपरनी दांडी खेचा, वाळा ओला. वाळा ओला, हवा गार. बठ्ठं कूलरनं शास्त्र शे. गाडी दमनी का पानी सोडा.”

मी दांडी ओढली. नानांनी माझा हात नळीपाशी नेला. खरंच गार झुळूक लागली. मला इतका आनंद झाला की मी नानांना मिठी मारायची बाकी ठेवली. गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन हात धरून पाहिला. कुणीतरी वाळ्यावर थेंबभर अत्तरही टाकलं. संध्याकाळी एक फेरी मारली, गाडी पळाली. मी नवलभाऊंना फोन करून सांगितलं, “काम झालं. परवा दुपारच्या जेवणाला पोचतो.”

ठरल्या दिवशी नवा सदरा, टोपी, सांजोऱ्यांचा डबा आणि विहीणबाईंसाठी लुगडं अशा सरंजामात मी निघालो. पारोळ्यापर्यंत गाडी छान चालली, आत मंद सुगंधही येत होता. पारोळं ओलांडल्यावर एका चढाला ती जराशी ओढल्यासारखी वाटली. मी नानांच्या सांगण्याप्रमाणे दांडी ओढली, पाणी सोडलं. गाडी आणखी ओढायला लागली. मी आणखी पाणी सोडलं. नानांना फोन लावला. ते म्हणाले, “पानी कमी पडी राहयनं. सोडा अजून.” मी अजून सोडलं. मग एक वावटळ आली, समोरची काच धुळीने भरली. सवयीने काच धुवायला हात गेला, आणि ते पाणीही वाळ्याला मिळालं. काच कोरडीच राहिली. गाडीने दोन आचके दिले आणि धुळ्याजवळ फागणे गावाच्या अलीकडे, जिथे सावली म्हणावी असं एक झुडूपही नाही अशा ठिकाणी, ती बंद पडली.

बोनेट उघडून पाहिलं. तो उत्तम प्रतीचा कापूस पाणी पिऊन टम्म फुगला होता आणि त्यावर वाळ्याच्या काड्यांचा थर बसला होता. इंजिनाला हवा म्हणून मिळत नव्हती. मी चावी फिरवत राहिलो, थोड्या वेळाने बॅटरीनेही मान टाकली. फोन करायला एकच माणूस जवळ होता. तो फोन लावताना माझा हात दोनदा मागे आला.

नवलभाऊ आले. पांढऱ्या गाडीतून उतरले, बोनेटमध्ये डोकावले. वाळा पाहिला. वास घेतला. ते हसले असते तर बरं झालं असतं. पण ते हसले नाहीत. “अस्सं,” एवढंच म्हणाले आणि मागून दोर काढला.

अशा रीतीने मुऱ्हाळी धुळ्यात शिरला. पुढे व्याह्यांची गाडी, मध्ये दोर, मागे मी, टोपी सरळ करून सुकाणू धरलेला. पांझरा नदीच्या पुलावर लोकांनी थांबून पाहिलं. देवपुरात गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्याच होत्या. हेमांगी दारात उभी होती, हातात बॅग. तिने आधी दोर पाहिला, मग मला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाने आलं असं मी ठरवलं.

“याहीबुवा, हात-पाय धुवा, जेवण करा,” नवलभाऊ म्हणाले. “मंग मी तुम्हले दोन्ही जनले मन्हा गाडीमा जळगावले सोडी देस.”

दोन्ही जणांना. म्हणजे सून सासऱ्याच्या गाडीत, आणि तिला न्यायला आलेला मुऱ्हाळीही त्याच गाडीत मागच्या सीटवर. यापेक्षा मी घरी बसलो असतो तर निदान लांबून अपमान झाला असता.

हेमांगी बॅग घेऊन पायऱ्या उतरली. आमच्या गाडीचं पुढचं दार उघडून आत बसली आणि तिने पट्टा लावला. “मी बाबांच्या गाडीने जाणार,” ती म्हणाली.

“अगं, ती बंद आहे,” मी म्हणालो.

“ते दिसतंय मला. का बंद आहे?”

“ओली झालीय.”

“मग वाळवू की,” ती म्हणाली. तिने खाली उतरून फिल्टर सोडवला, त्यातला वाळा ओढून काढून टाकला आणि तो लाल शंकू घेऊन सरळ गच्चीवर गेली.

गच्चीवर आमच्या विहीणबाईंनी, धुरपदाबाईंनी, धोतराच्या फडक्यांवर बिबड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मधोमध जागा करून हेमांगीने फिल्टर ठेवला. धुरपदाबाईंनी तो निरखून पाहिला. “हाई कसानं पापड शे?” त्यांनी विचारलं. मग माझ्या हातात एक काठी दिली. चिमण्या बिबड्यांवर बसतात, आणि बाकी सगळे खाली जेवायची पानं मांडण्यात गुंतले होते, म्हणून.

मी बसलो. ग्रंथपाल, मुऱ्हाळी, अंगात नवा सदरा, डोक्यावर टोपी, समोर व्याह्यांच्या बिबड्या आणि माझ्या गाडीचं नाक. शेजारच्या गच्चीवरच्या एका बाईंनी विचारलं, “नवा गडी ठेवा का?” मी काठी हलवून चिमण्या उडवल्या. गेले कित्येक दिवस ज्या उन्हाशी मी वैर धरलं होतं, त्याच उन्हाने जेवणाची हाक येईपर्यंत फिल्टर खडखडीत केला. बिबड्यांना मात्र अजून एक दिवस लागणार होता.

जेवण झालं. फिल्टर बसवला, नवलभाऊंच्या गाडीवरून तारा लावून बॅटरी जागी केली. वाळा नाही, पाणी नाही, चव्वेचाळीस अंशांची कोरडी हवा ओढून गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तोच आवाज, आणि सगळी गल्ली दचकली. विहीणबाईंनी हेमांगीची ओटी भरली. नवलभाऊ माझ्या खिडकीपाशी वाकले. “आवाज चांगला शे,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून आमच्या गाडीबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. मला फार बरं वाटलं.

धुळं मागे पडलं तसा मी पाय दाबला. सकाळपासून गेलेलं सगळं मला त्या रस्त्यावर परत मिळवायचं होतं. गाडी खरंच पळत होती. आम्ही एका टेम्पोला मागे टाकलं, मग एका जीपला, मग चढावर वातानुकूलन चालू ठेवून एका बसला. “बघितलंस?” मी म्हणालो. “असंच चाललं तर ऊन उतरायच्या आत घरी.”

हेमांगी खिडकीबाहेर बघत होती. “बाबा, हळू चालवा ना.”

“भीती वाटते? ब्रेक चांगले आहेत.”

“भीती नाही. घरी पोचले की मी आईची होणार. मग मैत्रिणी येतील, मावशी येईल, झोका, गाणी. तुम्ही पुढच्या खोलीत पेपर वाचत बसाल. न्यायला तिकडून माणूस येईल तेव्हा तुम्ही त्याला पाणी विचाराल. तुमच्या वाट्याला माझं काय येतं? हा एवढा रस्ताच ना?”

माझा पाय आपोआप वर आला. मागे टाकलेली बस हॉर्न वाजवत पुढे गेली, तिच्या मागे जीप गेली, आणि मग टेम्पोही. हेमांगी सासरच्या गोष्टी सांगायला लागली. कुणाला कसली भाजी आवडते, नवलभाऊ झोपेत कसे बडबडतात, पहिल्या महिन्यात ती मोरीत नळ सोडून कशी रडत होती. हे शेवटचं तिने आईला सांगितलं नव्हतं.

पारोळ्याला आम्ही चहाला थांबलो. एरंडोलला थांबायचं काहीच कारण नव्हतं. तिथेही थांबलो.